ती तिकडची, ही आपली

१

माझी नणंद तेजश्री परळीत नवऱ्यासोबत राहत होती, आणि आमच्या घरात ती मेलेली होती. या दोन्ही गोष्टी खऱ्या धरून आम्ही श्रावणापासून फाल्गुनापर्यंत रोजच्या रोज भाकरी खाल्ली. माणसाला कशाचीही सवय लागते.

श्रावणात तेजूने सोमनाथशी कोर्टात लग्न केलं. सोमनाथ म्हणजे मेंढरं राखणाऱ्या हरिबांचा मुलगा. पोरगा सरळ, आयटीआय झालेला, परळीत एका गॅरेजात कामाला. पण माझे सासरे राधाकिशनदादा माजी सरपंच, नदीकाठचे बागाईतदार, फेट्याशिवाय फोटो न काढणारा माणूस. त्यांनी आरडाओरडा केला नाही. केजला गेले आणि फ्लेक्स छापून आणला. कॉलेजच्या स्नेहसंमेलनातला तेजूचा हसरा फोटो, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल : समस्त परिवार'. त्या समस्तांत मीही आले, मला कुणी विचारलं नाही. फाट्यावर दरवर्षी दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो, त्याच बांबूंवर तो चढला.

हल्ली बरेच बाप एवढं करून थांबतात. दादांना अर्धवट काम आवडत नाही. त्यांनी नदीवर दहावा घातला. माझ्या नवऱ्याने, तानाजीने, डोकं भादरून घेतलं, आणि बहीण तिकडे परळीत गॅसवर वरण चढवत असताना इकडे तिच्या नावाचा पिंड ठेवला. सगळे मागे सरून उभे राहिले. मी पदराआडून मनात म्हणत होते, बसा आता दिवसभर उन्हात. जित्या माणसाच्या पिंडाला कावळा शिवणार कसा?

पिंड ठेवणाऱ्याचा हात मागे येतो न येतो तोच कावळा शिवला. तोसुद्धा घाईने, वाट बघत बसल्यासारखा. भावकीतल्या बायका सुटकेचा श्वास सोडून म्हणाल्या, लेक समाधानी हाय. दादांनी मिशीवरून हात फिरवला. मी स्वतःची समजूत घातली की कावळ्याला भूक असते, त्याला कुठे माहीत कोण जितं आणि कोण मेलेलं.

घरी येऊन तेजूच्या खोलीत तिचा फोटो आणि दिवा ठेवला, आणि दिवा विझल्यावर दादांनी खोलीला कुलूप घातलं.

२

दुपारची जेवणं झाली की आमचं घर मरगळतं. दादा ओसरीत पलंगावर आडवे होतात, तानाजी शेतात नाहीतर केजला, आमची सायली शाळेत. मी तूर राखायला गच्चीवर जाते. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायचं, पाखरं हाकलायची आणि तेजूला फोन लावायचा, हा माझा रोजचा नेम. फोनमध्ये तिचं नाव 'ब्लाऊजवाली' असं ठेवलं होतं. तानाजीला माझ्या ब्लाऊजांत कधीच रस नव्हता, त्यामुळे ते कधी उघडकीला आलं नाही.

त्या दिवशी ती परळीच्या वीजकेंद्राच्या राखेवरून कटकट करत होती. "वहिनी, पांढरं धुतलं की करडं वाळतंय. थर्मलची राख की काय की, ताटातबी येती."

"मग पांढरं नेसू नको," मी म्हटलं. "तसंही तू सवाष्ण मेलेली आहेस. हिरवं नेस."

ती खळखळून हसली. आमच्या दोघींत या विषयावर असलीच थट्टा चालायची. दुसरं करण्यासारखं होतं काय?

तेवढ्यात खाली न्हाणीतून आवाज आला. तांब्या बादलीच्या काठावर दोनदा आपटला. ठण, ठण. मग पाणी ओतल्याचा आवाज.

फोनवर तेजूनेही तो ऐकला. तेजू लहानपणापासून पालीला भिते. अंघोळीला बसली की पाल पळावी म्हणून आधी तांब्या दोनदा आपटायची. दादा ओरडायचे, बादलीला पोचे आणतीस म्हणून. घरात दुसरं कुणी असं करत नाही.

"वहिनी," ती फोनवर म्हणाली, "माझ्यासारखं कोण करायलंय?"

"आई असतील," मी म्हटलं आणि खाली उतरले.

न्हाणीची फरशी ओली होती. आत कुणी नव्हतं. माझ्या सासूबाई छबुबाई दाराबाहेर पायरीवर बसल्या होत्या, हातावर कोरडा टॉवेल धरून. त्यांचं लुगडं कोरडं, पाय कोरडे.

"आई, कोण गेलतं अंघोळीला?"

"कुणी न्हाई," त्या म्हणाल्या. "पाणी तापलं होतं. वाया जायलं होतं."

३

मला आधी बरंच वाटलं होतं हे आता सांगायलाच हवं, कारण सासूबाई सुधारत होत्या. दहाव्यानंतर त्या वाळत चालल्या होत्या. रडायची सोय नव्हती. दादा म्हणायचे, दहावा झाला, आता कशाचं रडणं. जिती आहे म्हणून आनंद करायचीही सोय नव्हती. मधल्यामध्ये बाई सुकली. आणि संक्रांतीनंतर एकाएकी त्यांना भूक लागायला लागली. भाकरी खाऊ लागल्या, दादांशी बोलू लागल्या. खोलीची किल्ली त्यांनी दादांकडून मागून घेतली आणि कमरेला लावली. दिवसातून दोन-तीनदा आत जायच्या, दार ओढून घ्यायच्या. आई आहे, मुलीच्या वस्तूंत बसत असेल, असं मी समजत होते.

मग एकदा त्या खोलीतून फणी घेऊन बाहेर आल्या आणि अंगणात ती झटकली. केसांचा गुंतवळ माझ्या पायाशी पडला. लांब, काळेभोर केस, तेलाने ओले. सासूबाईंचे केस पांढरे आहेत आणि मूठभर उरलेत. माझे आहेत काळे, पण मी ती फणी वापरत नाही.

जुना गुंतवळ असेल. फणीत महिनोन्‌महिने केस राहतात. तेलही राहतं का, हे मी स्वतःला विचारलं नाही.

एका दुपारी त्यांना मी ताट वाढून नेताना धरलं. वांग्याची भाजी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा फोडून. कांद्याची वरची जाड फोड काढून टाकलेली, तेजूला लागते तशी.

"आई, हे कुणाला?"

"पोटची हाय. जेवल्याबिगर राहती व्हय?"

"आई, तेजू परळीत आहे. मी काल बोलले तिच्याशी." घरात हे मी पहिल्यांदाच उघड म्हटलं. म्हटलं आणि ओसरीकडे पाहिलं; दादा घोरत होते.

सासूबाईंना नवल वाटलं नाही. भोळ्या सुनेला समजवावं तसं त्या म्हणाल्या, "ती तिकडची, सत्यशीला. ही आपली."

आणि खांद्याने दार लोटून आत गेल्या. दार मिटण्याआधी आतून कुणीतरी ताट घ्यायला पुढे आल्याची चाहूल लागली. बांगड्यांची. सासूबाईंच्या हातातही बांगड्या आहेतच, असं म्हणत मी उभी राहिले. थोड्या वेळाने रिकामं ताट बाहेर आलं, बोटांनी निपटून घेतलेलं.

४

इकडे सासूबाई सुधारत होत्या, तशी तिकडे तेजू उतरत होती. हे मी आज एका वाक्यात सांगते. तेव्हा माझ्या दोन वेगळ्या चिंता होत्या.

सुरुवात गमतीने झाली. तेजू सांगायची, दुकानात उभी राहते तर माणूस मागच्या बाईला आधी सामान देतो. जीपला हात करते तर जीप थांबत नाही. बँकेत आधारवर अंगठा उठत नाही. "बोट चोळलं, पुसलं, मशीनला माझं बोटच दिसंना. त्यो पोरगा म्हणतोय, मॅडम, अंगठा ठेवा की. ठेवलाय की बे, म्हणावं वाटलं."

अंगठा आमच्या अर्ध्या जिल्ह्याचा उठत नाही. माझं माहेर शिरूर कासारकडचं, तिथे ऊसतोडीत कोयता धरून धरून लोकांच्या बोटांवर रेघाच राहत नाहीत. म्हणून मी हसले. मग तिचा आवाज बारीक झाला. मी म्हटलं, रेंज नसेल. टाकीच्या या बाजूला बसले, त्या बाजूला बसले. सायली शाळेतून आल्यावर तिच्या कानाला फोन लावला तर ती म्हणाली, "मम्मी, कुणीच बोलत नाही." आणि मला तर ऐकू येत होतं, तेजू तिला विचारत होती, आत्याला विसरलीस का गं.

डॉक्टरने रक्त कमी सांगितलं. मला हायसं वाटलं. रक्त कमी असणं ही ओळखीची गोष्ट, गूळ-शेंगदाण्याची. मी पिशवी भरून सोमनाथच्या मित्राकडे दिली.

मग एक दिवस सोमनाथने स्वतः फोन केला. तो माझ्याशी कधी जास्त बोलायचा नाही.

"वहिनी, एक इचारू? राग नका धरू. सकाळी चहा केला. एकच केला. एकट्यानं पिलो, कप धुतला, गाडीला किक मारली. आन्‌ मग ध्यानात आलं, घरात बायको हाय. ती तितंच बसलती, वहिनी. माझ्या म्होरं. काय बोलली न्हाई. नुसती बघत बसलती."

"नवीन लग्न आहे, कामाचा ताण आहे," मी म्हटलं.

"व्हय," तो म्हणाला. "तसंच असंल." पण फोन ठेवेना. "तिचं नाव घेत ऱ्हावा, वहिनी. रोज फोन करत ऱ्हावा. तुमचा फोन आला की ती जरा भरल्यागत दिसती."

त्या दुपारी न्हाणीतला तांब्या वाजला तेव्हा मी खाली गेले नाही. दोन्ही चिंता तेव्हा माझ्या डोक्यात एकमेकींना येऊन मिळाल्या, आणि मी तूर राखायच्या काठीला घट्ट धरून बसून राहिले.

५

होळी जवळ आली तशी वच्छलाबाई आल्या. या माझ्या चुलत सासूबाई. भावकीत सुतक कुणाला किती, ओटी कुणाची भरायची, कशाला काय लागतं, सगळं त्यांना विचारून होतं.

आमच्याकडे वर्षात ज्या घरचं माणूस जातं त्या घरी होळीचा सण होत नाही. कढई चढत नाही, पुरण शिजत नाही. धुळवडीला भावकी पुरणपोळी आणि रंग घेऊन त्या घरी येते. गेलेल्या माणसाचा दिवा जिथे ठेवला होता त्या जागी आधी रंग पडतो, मग घरच्यांच्या कपाळाला. त्याने दुखवटा मोडतो.

"राधाकिशन, तुझ्याकडंबी रंग टाकावा लागंल," वच्छलाबाई म्हणाल्या.

मला वाटलं दादा आता तरी ओशाळतील. दादा म्हणाले, "टाका की. रीतीनं होऊ द्या. समद्या गावाला दिसू द्या."

मी चहाचा कप पुढे करत वच्छलाबाईंना हळूच विचारलं, "रंग टाकल्यावर काय होतं, काकी?"

"रंगापातुर मेलेलं माणूस उंबऱ्यात असतंय, सूनबाई. ना आत, ना भाईर. रंग पडला की त्याची जागा ठरली. मंग कुणी हलवू न्हाई शकत."

"आणि माणूस जितं असलं तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नदीवर त्या सर्वांत पुढे उभ्या होत्या. 'लेक समाधानी हाय' सगळ्यांत आधी त्याच म्हणाल्या होत्या.

"जित्याचा दहावा कोण घालतंय?" त्या म्हणाल्या आणि बशीत चहा ओतून फुंकू लागल्या.

मी गच्चीवर जाऊन तेजूला सांगितलं, धुळवडीला ये. भावकी रंग घेऊन येईल तेव्हा भर अंगणात येऊन उभी राहा. चार लोकांसमोर दादा हात उचलणार नाहीत, पंचायतीचं इलेक्शन तोंडावर आहे. मीच सगळ्यांदेखत तुला रंग लावीन. एकदा जित्या कपाळाला रंग लागला की मेलेलीला कुणी कसा लावेल? मला एवढाच उपाय सुचला. खुळचट वाटेल, पण दहाव्याने जे बिघडलं ते डॉक्टरच्या गोळीने कसं सुधारणार होतं?

"येते," ती म्हणाली. तिचा आवाज आता विहिरीच्या तळातून यावा तसा यायचा. "सायलीला गाठी आणते."

६

होळी आम्ही गच्चीवरून पाहिली. दुखवट्याच्या घरच्यांनी खाली जायचं नसतं. मारुतीपुढे गोवऱ्या रचल्या होत्या, मधे एरंडाची फांदी. दिवस मावळताना पेटवली. पोरं तोंडावर हात मारून बोंबलू लागली.

सायलीने विचारलं, "मम्मी, होलिका प्रल्हादाची कोण?"

"आत्या."

"मग आगीत कशी बसली?"

"भावाने सांगितलं म्हणून." मी एवढंच बोलून थांबायला हवं होतं, पण मला राग आला होता. "भाऊ राजा होता. त्याचं न ऐकणाऱ्या पोराला जाळायचं होतं, म्हणून बहिणीला बसवलं. तू काही जळणार नाहीस म्हणाला. पोरगा वाचला म्हणून लोक पोळी खातात. बाई जळली त्याची ही बोंब. हजारो वर्षं मारतायत, आणि अजून कुणी त्या भावाच्या नावाने मारलेली मी ऐकली नाही."

तानाजी जिन्यात उभा होता. त्याने सगळं ऐकलं. टाळूवरून हात फिरवला आणि खाली गेला. माझा नवरा वाईट माणूस नाही. तो कुठलाच माणूस नाही, हे माझं दुखणं आहे.

सकाळी होळीचा विस्तव घरी आणायचा आणि त्याच्यावर तापलेल्या पाण्याने सगळ्यांनी अंघोळ करायची, म्हणजे उन्हाळा बाधत नाही. भावकीतल्या कुणीतरी घमेल्यात निखारे आणून दिले. बंबाकडे नेताना मागच्या बोळात राख सांडली, बारीक पिठासारखी, न्हाणीपासून तेजूच्या खोलीपर्यंत. मी झाडायला केरसुणी घेतली, पण सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. अंघोळी झाल्यावर झाड."

सायलीची झाली, दादांची झाली, तानाजीची झाली. माझी झाली. सासूबाईंनी बंबातून आणखी एक बादली काढली.

मी स्वयंपाकघरात होते. तांब्या दोनदा वाजला.

मी मुद्दाम मोठ्याने भांडी घासली. मग उठले आणि बोळात गेले. राखेत ओली पावलं उमटली होती. न्हाणीतून निघालेली, खोलीच्या दारात संपलेली. न्हाणीकडे जाणारं एकही नव्हतं. उजवं पाऊल पुरतं, पाच बोटांचं. डाव्याची करंगळी उमटली नव्हती. तेजूच्या डाव्या पायाची करंगळी जन्मापासून वर उचललेली आहे, जमिनीला टेकत नाही. लग्नात जोडवी घालताना काय करायचं, यावर आम्ही कितीदा हसलो होतो.

मी सायलीला हाक मारली आणि अंगणात नेऊन बसवलं. मग केरसुणी फिरवली. दाराखालच्या फटीतून ओलसर, शिकेकाईचा वास येत होता. ताजा.

७

उन्हं वर आली तशी भावकी आली. पुढे वच्छलाबाई, हातात ताट, ताटात गुलाल आणि पोळ्या झाकलेल्या. अंगणात घंगाळात पळसाच्या फुलांचं पाणी केलं होतं. दादा फेटा बांधून ओसरीत बसले. लोक गंभीर तोंडं करून त्यांच्या शेजारी बसत होते. त्यातल्या निम्म्यांनी तेजूला परळीच्या बाजारात पाहिलेलं होतं.

मी फाटकाकडे नजर लावून उभी. सासूबाईंनी किल्ली काढली आणि वच्छलाबाईंना घेऊन आत निघाल्या. अंगणातून सरळ बोळ दिसतो, बोळाच्या टोकाला ते दार.

तेवढ्यात मोटारसायकल आली. सोमनाथ पुढे, मागे तेजू. हिरवी साडी, डोक्यावर पदर, हातात साखरेची गाठी. इतकी वाळली होती की साडीच बसून आल्यासारखी वाटली. पण होती. उतरताना तिने सोमनाथच्या खांद्यावर हात ठेवला, त्याच्या शर्टाला सुरकुती पडली, ती मी पाहिली. गाठी तिने मोटारसायकलच्या हँडलला अडकवली आणि फाटकाशी आली.

कुणी वर पाहिलं नाही. दादांनी नाही, तानाजीने नाही. दुकानातल्या माणसाची गोष्ट मला आठवली.

मी घंगाळात हात बुडवला आणि धावले.

"वहिनी, आई कुठंय?" ती म्हणाली.

"थांब. आधी हे." मी तिच्या कपाळावर तीन बोटं ओढली, डावीकडून उजवीकडे. कपाळ गरम होतं, घामाने ओलं. रंग लागला. केशरी, ठळक, भुवईवर ओघळ आला. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मी मागे वळून मोठ्याने म्हटलं, "बघा, तेजू आली आहे. जिती आहे. मी रंग लावलाय तिला."

सगळ्यांनी पाहिलं. माझ्याकडे. आणि आतून वच्छलाबाईंचा आवाज आला, "पडला रंग."

बोळाच्या टोकाला दार उघडं होतं. सासूबाई दारात पाठमोऱ्या उभ्या होत्या, आणि त्यांच्या खांद्यावरून कुणीतरी बाहेर बघत होतं. खोलीत अंधार होता, मला फक्त कपाळ दिसलं. त्यावर तीन केशरी बोटं होती, डावीकडून उजवीकडे, भुवईवर ओघळ आलेला. वच्छलाबाईंच्या ताटात गुलाल होता. पळसाचा रंग आत गेलाच नव्हता.

दार मिटलं.

मी फाटकाकडे वळले. सोमनाथ एकटा उभा होता. माझा हात अजून वरच होता, कुणाच्या तरी कपाळाएवढ्या उंचीवर.

"सत्यशीला, कोणाशी बोलायलीस?" दादा ओसरीतून म्हणाले.

सोमनाथने माझ्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, जमलेल्या लोकांकडे पाहिलं. चुकून दुसऱ्याच गावात उतरलेल्या माणसासारखा त्याचा चेहरा झाला.

"ताई," तो म्हणाला, "मी इकडं कावून आलतो?"

तो मला वहिनी म्हणायचा. त्याने हँडलची गाठी काढली, उलटसुलट करून पाहिली. "ही माझी न्हाई वाटतं. पोरीला द्या तुमच्या." मग किक मारून निघून गेला. त्याच्या शर्टावरची खांद्याजवळची सुरकुती तशीच होती.

८

दादा आता बदलले आहेत. तेजूचा फोटो ओसरीत लावलाय, चंदनाचा हार घालून. तिच्या आठवणीने रडतात आणि ते रडणं खोटं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, काविळीनं गेली, लई हुशार होती, मी लई शिकवलो असतो तिला. तानाजीला मी हलवून हलवून विचारलं, तर म्हणाला, "असं कावून करायलीस? तूच तर डबा घेऊन जायचीस दवाखान्यात." त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल काळजी होती. फ्लेक्स छापल्याचं त्यांना आठवतं, कशासाठी ते आठवत नाही. ज्यांनी हे केलं त्यांना फुकटात दुःख मिळालं, खरंखुरं, स्वच्छ, शेजाऱ्यांनी सांत्वन करावं असं. पश्चात्तापाची पाळीच त्यांच्यावर आली नाही. मी सगळ्यात जास्त जळते ती यासाठी.

सोमनाथ त्याच गॅरेजात आहे. एकदा परळीला गेले तेव्हा समोरून पाहिलं. घरचे त्याला मुलगी बघतायत म्हणे.

'ब्लाऊजवाली'ला मी अजून दुपारी फोन लावते. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई फार गोड आवाजात सांगते. टाकीच्या सावलीत मी तिचं नाव मोठ्याने घेते, सोमनाथने सांगितलं होतं तसं. मी विसरले तर ती कुठेच उरणार नाही. माझ्या तीन बोटांच्या टोकांवरचा केशरी रंग अजून गेलेला नाही; भांडी घासून घासून कातडं सोलवटलं, रंग आहे तसा आहे.

खाली तांब्या वाजतो. सासूबाईंची तब्येत उत्तम आहे. त्या ताट नेतात, केस विंचरतात, दुपारभर दाराआड हळू आवाजात बोलत बसतात. उत्तर मी कधी ऐकलेलं नाही. आतली उलट बोलत नाही, बाहेर जात नाही, फोन करत नाही. दादांना हवी होती तशी लेक त्यांच्या घरात आहे.

सायली आता सहावीत गेली. परवा दादांनी केजहून फोटोग्राफर बोलावला होता. म्हणाले, नात मोठी झाली, साडी नेसवून एक चांगला हसरा फोटो काढू, घरात असावा. सगळे अंगणात खुर्च्या मांडून वाट बघत होते. मी सायलीला घेऊन गच्चीवर गेले आणि वरून कडी घातली.

तिचा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो मी ब्लेडने खरवडून काढला आहे. दुसरा या घरात कुठेही नाही.